कागदी लिंबाच्या खैऱ्यावर घरचं बोर्डो, आठ महिने मारल्यानंतर

मे ते डिसेंबर असे आठ महिने माझ्या दीड एकर कागदी लिंबावर (१६५ झाडं, श्रीगोंदा तालुका) घरी बनवलेलं एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतोय. खैऱ्या (पाना-फळांवर खरखरीत डाग पाडणारा जीवाणूचा रोग) जातो का यानं, असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. आलेला जात नाही. नवा येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम, पण ते काम चोख करतं.

मागच्या साली जुलैत डाग दिसल्यावर मी पळापळ केली. दुकानदाराने तयार कॉपर (तांब्याचं औषध) आणि सोबत स्ट्रेप्टोची (स्ट्रेप्टोमायसिन) पुडी दिली, दहा दिवसांनी परत तेच, परत तेच, आणि पानावरचे पिवळ्या कडेचे खरखरीत डाग होते तिथंच. फळ आतून चांगलं असतं हो, रसही असतो, पण सालीवर खपल्या दिसल्या की व्यापारी गोणी उलगडतो आणि भाव पाडतो. स्ट्रेप्टो हे माणसाच्या दवाखान्यातलं अँटिबायोटिक आहे, सारखं मारलं तर जीवाणू त्याला दाद देईनासे होतात, डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ते शेतीतून बंद करायच्या आदेशाचा मसुदा पण काढला होता. मी तेव्हाच सोडायला पाहिजे होतं.

आता बोर्डो. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचं मीठ), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर प्लास्टिकच्या ड्रममधे लोंबकळत ठेवायचं, सकाळपर्यंत निळंशार विरघळतं. लोखंडी भांडं अजिबात नको. चुना वेगळा विझवून, गाळून, गार होऊ द्यायचा, मग दोन्ही एकत्र ढवळत ओतायचं. त्यात चकचकीत विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर कोवळी पालवी करपते. माझी पहिल्या खेपेला चार झाडं करपलीच, कारण चुना पुडीतला जुना होता. तेव्हापासून कळीचाच आणतो. आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही, दुसऱ्या कीटकनाशकात मिसळायचं नाही.

फ्रान्सात बोर्डो शहराकडे रस्त्याकडेच्या द्राक्षाला चोरांनी हात लावू नये म्हणून शेतकरी हेच शिंपडायचे, त्या ओळींवर डाऊनी (केवडा रोग) नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ ला त्याने ते जगाला सांगितलं. एवढं जुनं औषध अजून चालतंय याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

सगळा खेळ टायमिंगचा आहे. खैऱ्याचा जीवाणू (झँथोमोनास) वाऱ्या-पावसाच्या थेंबाबरोबर उडतो आणि कोवळ्या पानाच्या छिद्रातून नाहीतर जखमेतून आत घुसतो, एकदा आत गेला की वरच्या तांब्याला सापडत नाही. म्हणून मी मे मधे कोरड्या हवेत डागी फांद्या छाटून जाळल्या, कात्री प्रत्येक झाडानंतर ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवली, कापल्या जागी बोर्डो पेस्ट (घट्ट बोर्डो) लावली आणि पहिली फवारणी पावसाच्या आधी घेतली. पुढं प्रत्येक नव्या पालवीला एक, आणि जोराचा पाऊस धुवून गेला की उघडीप बघून परत. फुलात मात्र मारलं नाही.

नागअळीकडे दुर्लक्ष केलंत तर बोर्डो वाया गेलं समजा. ती पानात नागमोडी बोगदे करते आणि जीवाणूला दारच उघडून देते. पालवी बोटभर आली की निंबोळी अर्क ५ टक्के, बोर्डोपासून वेगळा, दोन-चार दिवस मागेपुढे.

निकाल असा की आधी दहा लिंबात चार-पाच डागी निघायची, यंदा एखादं. बांधाच्या पश्चिमेकडची ओळ अजून त्रास देते, तिथं वारा थेट लागतो. त्या बाजूला वारा अडवायला शेवरी लावलीय आता.

त्रास पण सांगतो. चुना नीट गाळला नाही की नोझल दर टाकीला तुंबतं. पानं निळसर-पांढरी दिसतात, तोडणीला बायका कुरकुर करतात. मेहनत तयार पुडीपेक्षा दुप्पट. आणि तांबं मातीत साठतं, त्यामुळे दर आठवड्याला मारायची चीज नाही ही.

चुलत्यांनी माझं बघून टोमॅटोच्या मर रोगावर (झाड अचानक वाळतं तो) बोर्डो मारायला घेतलं होतं. मी म्हटलं तात्या थांबा, आधी मेलेल्या झाडाचं खोड कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. दुधासारखी पांढरी धार खाली उतरली, म्हणजे जीवाणूचीच मर, ती मुळातून येते, वरून काही मारून फायदा नाही. डाळिंबाच्या तेल्या रोगाचा जीवाणू मात्र आपल्या खैऱ्याच्याच कुळातला, तिथं छाटणी आणि तांबं हाच रस्ता.

नवीन लावणार असाल तर राहुरी विद्यापीठाचं साई सरबती हे लिंबाचं वाण बघा, खैऱ्याला बऱ्यापैकी सहनशील आहे. मी जूनमधे रिकाम्या खड्ड्यांत १२ रोपं लावली, अजून एकावरही डाग नाही, पण ती पहिलाच पावसाळा बघतायत.