फोटोबुक घेऊन सहा महिने झाले: पानं सुटली ते सोडा, माझं भांडण वेलांटीशी आहे

मागच्या महिन्यात आईनं फोटोबुक मांडीवर घेतलं आणि सतरावं-अठरावं पान सरळ तिच्या हातात आलं, मागोमाग अजून दोन. आई म्हणली, "मी काई ओढलं नाही रे बाबा." डिसेंबरात आलेलं पुस्तक, मे मध्ये पानं मोकळी, आणि मी शहाणा पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देऊन बसलेलो, म्हणून आता परत सगळं लिहायला बसलोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.

आधी एक कबूल करतो, माझा धंदाच छपाईचा आहे. परभणीत पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. हिनं टोमणा मारलाच की अख्ख्या गावाच्या पत्रिका छापता अन् आईचं पुस्तक बाहेरून मागवता का. आता हिला कोण सांगणार की ऑफसेटवर एक कॉपी निघत नसते, प्लेटा काढा, मशीन लावा, पाचशे नगाच्या खाली हिशोबच बसत नाही. एकच नग पाहिजे तर डिजिटल, आणि हार्डकव्हर करायची सोय आपल्याकडं नाही. फोटो स्टुडिओत करिझ्मा अल्बम होतो पण तो चार किलोचा, पेटीसकट, आणि डिझाइन करणारं पोरगं मागं धबधबा नाहीतर स्वित्झर्लंड टाकल्याशिवाय ऐकत नाही. माझ्या लग्नाच्या अल्बमात सासरे धोतरावर बर्फात उभे आहेत.

पुस्तक आईच्या साठीसाठी होतं, फक्त तिच्या माहेरचं. माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत भूकंपात घर बसलं, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्यात फोटोंचं कोण बघतं. आधल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपलेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सांगायचं एवढंच की आईच्या माहेरचे जेवढे फोटो आज आहेत ते सगळे त्या घराबाहेर होते म्हणून आहेत. आईच्या लग्नातला एक ग्रुप फोटो तिच्या ट्रंकेत इकडं परभणीत आलता, त्यात आजोबा. आजोबांचा तेवढाच एक. बाकी लातूरची मावशी, पुण्यातला मामा, उमरग्याचे चुलत मामा, ज्याच्या त्याच्या भिंतीवर नाहीतर पेटीच्या तळाला.

हे गोळा करण्यातच दिवाळी गेली. मावशीनं फ्रेममधला फोटो ट्यूबलाइटखाली मोबाइलनं काढून पाठवला, त्यात आज्जीच्या कपाळावर अख्खी ट्यूब. परत काढायला लावला, फ्रेममधून बाहेर काढून, सकाळच्या उजेडात ओसरीवर ठेवून, तेव्हा कुठं जमलं. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो बारीक होतो, मोठी बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १६०० चा फोटो सव्वापाच इंचापर्यंतच नीट, आणि माझं पुस्तक आठ बाय आठ. पानभर फोटो पाहिजे तर २४०० लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणून मी ग्रुपवर आठ वेळा लिहिलं, मामांनी दरवेळी अंगठा टाकला आणि दरवेळी साधाच फोटो पाठवला.

पैशाचं सांगतो. जाहिरातीत "फक्त ८९९". ते २४ पानांचं. मला ४० पाहिजे होती, जास्तीच्या प्रत्येक पानाला ४० रुपये, म्हणजे ६४० तिथंच वाढले. कव्हरला मॅट पाहिजे तर १५०. पार्सल १४९. कुपन ३० टक्क्यांचं पण ते फक्त ८९९ वर चालतं. सगळं जाऊन १,५६८. टीप लिहून ठेवा, ऑर्डर पूर्ण न करता बास्केटमध्ये दोन दिवस सोडून द्या, ते आपण होऊन कुपन पाठवतात. मी आधी १५ टक्केवालं टाकणार होतो, आळस कामाला आला. लेफ्लॅट नावाचा प्रकार पण होता, जाड पानं, पुस्तक टेबलावर सपाट उघडतं, मधे घडी जात नाही. हजार रुपये जास्त. मी म्हणलं आपल्याला काय करायचंय, बायंडिंग ते बायंडिंग. हे वाक्य ध्यानात ठेवा.

आता वेलांटी.

पुस्तकाचं नाव मी ठेवलं "माहेरचे दिवस". कव्हरवर, सोनेरी अक्षरात. स्क्रीनवर प्रिव्ह्यू झकास, तीनदा बघितला, हिला दाखवला. पार्सल आलं, फोडलं, कव्हरवर "माहेरचे दविस". वेलांटी द ला सोडून व च्या गळ्यात. मी बिलबुकात असल्या चुका पकडून पोट भरणारा माणूस, मलाच घाम फुटला की टायपिंग माझंच चुकलं का काय. लॅपटॉप उघडला, प्रिव्ह्यू बरोबरच. आत बघितलं तर जोडाक्षरांची पण तीच गत, "लग् न", "आज् जी", पाय मोडलेली अक्षरं अंतर ठेवून उभी.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी, युनिकोडमध्ये, म्हणजे आजकाल कॉम्प्युटर ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतो त्यात, दि साठवताना आधी द असतो आणि मग वेलांटी. दाखवताना तिला उचलून द च्या अलीकडं आणून लावायचं काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. तुमचा ब्राउजर ते करतो, म्हणून प्रिव्ह्यू बरोबर. यांचं छपाईची पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर करत नाही, ते अक्षरं टाइपल्या क्रमानं ओळीत उभी करून मोकळं होतं. जुन्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) ही भानगड नव्हती, तिथं जे दिसतं तेच साठवलेलं असायचं. हां, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळी पत्रिका किडे-मुंग्या, ते वेगळं. पण मराठी फॉन्ट म्हणून यादीत बारा नावं ठेवायची आणि एकालाही वेलांटी लावता येऊ नये? मेनूत नाव ठेवलंय तर भाजी आली पाहिजे की नाही ताटात.

यावर उपाय आहे, मला उशिरा सुचला. मराठी मजकूर त्यांच्या एडिटरमध्ये टाइपच करायचा नाही. मोबाइलवर किंवा कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) नाव तयार करायचं, मागचा भाग पारदर्शक ठेवून पीएनजी काढायची आणि फोटो म्हणून कव्हरवर चढवायची. मग ते अक्षर राहत नाही, चित्र होतं, चित्राला ते हात लावत नाहीत.

तेव्हा मग पाच स्टार का दिले असं विचाराल. कारण आतला छाप. कागद १७० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, आर्ट पेपर, काळे-पांढरे फोटो खरंच काळे-पांढरे, हिरवट झाक नाही (घरी छापून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय). आजोबांचा तो ग्रुप फोटो मी ट्रंकेतून काढून ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलता, त्यातले फक्त आजोबा उचलून पानभर लावले. मूळ फोटोत नखाएवढं तोंड. छापून आल्यावर पटक्याचा पीळ दिसतो, वरच्या खिशाला अडकवलेला पेन दिसतो. आईनं ते पान उघडलं आणि म्हणली, "आबा पेन लावायचे, मी इसरलेच होते." नंतर बराच वेळ ती त्या पानावरच होती. त्या रात्री मी स्टार दिले, वेलांटीचा राग गिळून.

पण गिळलेला राग पचत नाही. मी कस्टमर केअरला लिहिलंच. उत्तर आलं की प्रिव्ह्यू ग्राहकानं मंजूर केल्यावर मजकुराच्या चुकांची जबाबदारी ग्राहकाची. हे वाचून मी गल्ल्यावर तोंडात मारल्यासारखा बसलो, कारण माझ्या स्वतःच्या बिलबुकावर खाली बारीक अक्षरात हेच छापलंय, "प्रूफ पास झाल्यावर चुकीस आम्ही जबाबदार नाही". अकरा वर्षं मी हे लोकांना दाखवतोय. फरक एकच, मी जे प्रूफ दाखवतो तेच छापतो. हे मी त्यांना तीन मेलमध्ये तीन प्रकारे लिहिलं. चौथ्या मेलला तक्रार "निकाली" काढली असा मेसेज आला.

आता मे महिन्याकडं येतो. आमच्याकडं ४३ च्या वर पारा, पुस्तक पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाटावर. साध्या पुस्तकाची पाठ कापून गरम गोंद लावतात, आमच्यात परफेक्ट बायंडिंग म्हणतात. आर्ट पेपर गुळगुळीत, गोंद आधीच कमी धरतो, वरून उन्हानं मऊ पडला, आणि आई रोज उघडणार. सुटणारच. हजार रुपये वाचवणाऱ्याला हे माहीत पाहिजे होतं, कारण हा त्याचा धंदा आहे. तरी पण १,५६८ घेऊन पाच महिन्यात पानं हातात द्यायची हे काई बरोबर नाही, परभणीला ऊन पडतं हे पार्सल पाठवताना पिनकोडवरून कळत नाही का.

चॅटवर गेलो. पहिल्यांदा यंत्र बोलतं, मग माणूस, पण माणूस पण यंत्रासारखंच. "आपली गैरसोय मी समजू शकते." मग म्हणतात तक्रार सात दिवसांच्या आत करायची असते. मग म्हणतात अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. डिसेंबरात पार्सल फोडताना मी व्हिडिओ काढायला पाहिजे होता की पानं मे मध्ये सुटणार आहेत. शेवटी मी लिहिलं की आता १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन लावतो, आणि सुट्या पानांचे, पाठीच्या गोंदाचे फोटो टाकले.

इथपर्यंत चार दिवसांपूर्वी लिहून ठेवलतं आणि दोन स्टार देणार होतो. काल दुपारी फोन आला. बाई खरंच नीट बोलल्या, मराठीत, म्हणल्या गोंदाचा फोटो बघितला, आमचाच दोष, फुकट परत छापून देतो. मी लगेच म्हणलं ताई, मग ती वेलांटी तेवढी. म्हणल्या, "दादा, फाइल लॉक असते, तीच्या तीच छापावी लागते. बदल करायचा तर नवीन ऑर्डर." नवीन ऑर्डर म्हणजे परत १,५६८. मी म्हणलं तीच छापा.

म्हणजे आता पंधरा दिवसांनी घरात दोन "दविस" होणार. स्टार तीन करतोय, एक त्या बाईंचा. लेफ्लॅट घ्या, पैसे वाचवू नका, आणि मराठी मजकूर त्यांच्या एडिटरमध्ये टाइपू नका.

मी दुकानात विनाइलवर सोनेरी पट्टी छापून पण ठेवली, "दिवस", बरोबर त्याच मापाची, कव्हरवर चिकटवली की संपलं. आई लावू देईना. आमची पोरगी दुसरीत आहे, तिनं पहिल्याच दिवशी कव्हर जसं होतं तसं वाचलं आणि तेव्हापासून घरात त्या पुस्तकाचं नावच पडलं. संध्याकाळ झाली की "आज्जी, दविस काढ" आणि आई सुट्या पानांची चळत सांभाळत कपाटावरून दविस काढते. पट्टी गल्ल्यात पडून आहे.