बोल्टनचं कोपऱ्यावरचं दुकान: पाचपैकी साडेतीन स्टार

नाव सांगत नाही, कारण पाटीवरचं नाव आम्ही कधी घेतलंच नाही. आमच्यासाठी ते "काकांकडे". २०१२ ते २०१५ आम्ही इंग्लंडमधल्या बोल्टनला होतो, बायकोची हॉस्पिटलात नोकरी. लाल विटांच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांची ओळ, मागे बंद मिलची चिमणी आणि ओळीच्या टोकाला हे दुकान, खाली माल आणि वर काका-काकी.

आधी तक्रारी उरकतो. महाग. सुपरमार्केटपेक्षा प्रत्येक गोष्ट चार पेनी वरच, पण रविवारी तिकडची मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी, मग संध्याकाळी जाणार कुठे. मेथीची जुडी बाहेरून हिरवी आतून काळी. छोल्यांचा डबा एकदा आठ महिने तारीख उलटलेला निघाला, परत नेला तर म्हणे "डब्बा है, कुछ नहीं होता", आणि बदलून दिला त्याची तारीख वाचली तर तो अकरा महिने! दीड स्टार तिथेच गेला.

आता बाकीचं. आमच्या घरात लाइटचं मीटर प्रीपेड, त्याची चावी दुकानातल्या मशीनवर पैसे भरून आणायची. पहिल्याच डिसेंबरात रात्री पावणेदहाला अंधार, डोक्याला शाम्पू तसाच, वर टोपी घालून पळालो. दोन पाउंड टाका म्हटलं. काका चावी हातात घेऊन उभे, मशीनमध्ये काही घालेनात. "पाँच का इमर्जन्सी खा गया ना? पहले वो काटेगा. दो डालेगा तो अभी वापस आएगा." म्हणजे पैसे संपले की मीटर पाच पाउंड उधार देतं, ते आम्ही आधीच वापरून बसलो होतो. मग दहा टाकले, खिशात सहाच होते, उरलेले चार त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहिले आणि तो पुठ्ठा गल्ल्यामागे खोचला. तिथे असे दहाबारा पुठ्ठे आधीच होते. लालबागच्या वाण्याची वहीच ती, फक्त सुटी सुटी.

ब्रेडच्या रॅकवर नारिंगी मेणकागदातला वॉर्बर्टन्स. ही कंपनी बोल्टनचीच बरं का, १८७६ साली इथल्या एका किराणा दुकानाचा धंदा बसला म्हणून घरच्या बाईंनी ब्रेड भाजायला घेतला, त्यातनं उभी राहिली. शेजारी बार्म, म्हणजे गोल मऊ पाव, शनिवारी आम्ही त्याचा वडापाव करायचो. पहिल्यांदा सहा बार्म घेतले तर मागच्या गोऱ्या आजीने विचारलं, पेस्टी घालणार का? पेस्टी म्हणजे आत मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी म्हणा, आणि बोल्टनकर ती अख्खी पावात घालून खातात. बटाटा पिठात आणि वर पावात? असं बोलून गेलो आणि मग माझंच मला हसू आलं.

आज्या बरणीतल्या गोड गोळ्या अजून क्वार्टरने, म्हणजे पाव पौंडाने, मागायच्या. सुटा माल २००० सालापासून ग्रॅममध्येच द्यायचा असा नियम आहे, पण काका बरणी उघडून ११३ ग्रॅमचा अंदाज घेत एकेक गोळी काट्यावर टाकायचे. ११० ला थांबायचं की ११६ ला हे समोर कोण आहे त्यावर.

काका नवसारीकडचे, सत्तरच्या दशकात आलेले, मिलमध्ये रात्रपाळी केली, मिल बंद पडल्यावर दुकान घेतलं. एकदा सहज म्हटलं की माझे आजोबा लालबागला मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईला होते, ८२ च्या संपात घरी बसले ते कायमचेच. "मशीन कौन सा था?" आता मला काय माहीत. रात्री आईला फोन केला तर ती म्हणाली, अरे बाबा सारखं डॉबसन डॉबसन करायचे. डॉबसन अँड बार्लो! बोल्टनची कंपनी, मुंबईच्या मिलांना मशीनं इथूनच जायची. दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, तर ते काही बोलले नाहीत, तुटलेलं सूत कसं सांधायचं ते काउंटरवर हवेतच बोटांनी करून दाखवलं. आजोबा झोपेत अशीच बोटं फिरवायचे, आम्ही पोरं हसायचो.

२०१४ ला युरोपने फळमाशी सापडली म्हणून भारतातला आंबा बंद केला, सोबत कारली, पडवळ, वांगी आणि अळूपण. आणि तारीख कोणती, तर १ मे! महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर हापूसबंदी. काकी पात्र्यासाठी हळहळतायत, बायको अळूवडीसाठी, पान एकच. काकांनी आमच्यासाठी शेवटची पेटी काउंटरखाली दडवून ठेवलेली, पैसे मात्र दोन पाउंड जास्त घेतले. धंदा तो धंदा.

गेल्या वर्षी जाऊन आलो. दुकान आता भाचा बघतो, गल्ल्यामागे भिंतभर वेप म्हणजे ई-सिगारेटी, पुठ्ठे नाहीत, बरण्या तीनच उरल्यात. डब्यांची तारीख अजूनही बघूनच घ्या. आणि बार्म हवे असतील तर दहाच्या आत जा, नंतर नुसता रॅक दिसेल.