फंक्शनमधून फंक्शन समजायला : प्रिंट टाकावं की थॉनीत एकेक पाऊल चालावं?

पायथनमध्ये एक फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) लिहिता येतं, दुसरंही लिहिता येतं. पण पहिल्यानं दुसऱ्याला बोलावलं की नवशिक्याची गाडी अडते. जळगाव-धुळ्याकडे बीसीए, डिप्लोमा करणारी नात्यातली पोरं माझ्याकडे येतात, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, आते हाऊ कथा गया?" प्रोग्राम गेला कुठे, आणि परत कुठे येणार, हे दाखवायचे दोन मार्ग मी वापरले आहेत. जागोजागी प्रिंट, म्हणजे स्क्रीनवर छापायचा आदेश, टाकायचं, नाहीतर थॉनी या पायथनच्या एडिटरमधल्या डीबगरमध्ये (प्रोग्राम थांबवत थांबवत दाखवणारी सोय) एकेक पाऊल पुढे जायचं.

उदाहरणाला केळीची हिशोबपट्टी घेऊ. रावेर-यावलच्या मुलाला ती समजावत बसावी लागत नाही. 'पट्टी' हे फंक्शन 'रक्कम' आणि 'कपात' यांना बोलावतं. 'कपात' पुढे 'हमाली' आणि 'तोलाई' यांना बोलावतं. (पायथन ३ मध्ये फंक्शनची नावं खरोखर देवनागरीत देता येतात. पण डेफ (फंक्शनची सुरुवात करणारा शब्द), रिटर्न (उत्तर बोलावणाऱ्याला परत देणारा शब्द) इंग्रजीतच लिहायचे असल्यानं कीबोर्ड सारखा बदलावा लागतो. गंमत दोन ओळींत संपते.) माल १२ क्विंटल, भाव १५००, हमाली क्विंटलला २०, तोलाई १०, आकडे समजण्यापुरते. १८००० मधून २४० आणि १२० वजा, हाती १७६४०.

प्रिंटची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये, मोबाइलवरच्या ॲपमध्ये, कुठेही चालतं. प्रत्येक फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'हमालीत आलो' आणि रिटर्नच्या आधी 'हमालीतून निघालो' असं छापलं की क्रम कळतो. आतल्या फंक्शनच्या प्रिंटमध्ये सुरुवातीला दोन-चार मोकळ्या जागा सोडल्या तर कोण कोणाच्या पोटात आहे तेही दिसतं. हुशार पोराला एवढं पुरतं.

माझं मन फिरलं ते एका कटकटीमुळे. प्रिंट बघून शिकणाऱ्या पोराला प्रिंट म्हणजेच रिटर्न वाटू लागतं. तो 'हमाली'त गुणाकार करतो, २४० छापतो आणि रिटर्न लिहीतच नाही. का लिहिलं नाहीस विचारलं तर म्हणतो, "स्क्रीनवर तर आलं ना!" आलं, खरंच आलं. पण 'कपात'च्या हातात आकडा पडलाच नाही, पडला 'नन', म्हणजे पायथनचं 'काहीच नाही'. मग 'हमाली अधिक तोलाई' करताना टाइपएरर येतो (आकड्यात 'काहीच नाही' मिळवता येत नाही म्हणून), आणि ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर, शेवटी बोट दाखवतो 'कपात'कडे. पोरगं 'कपात' उलटंपालटं करत बसतं. 'हमाली'कडे बघतच नाही, कारण तिथला २४० त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. मी आणखी प्रिंट टाकायला सांगावं तर गैरसमज आणखी घट्ट होतो. औषधच दुखणं वाढवतं म्हणा ना.

थॉनी हा एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला फुकट एडिटर. पायथन त्याच्यासोबतच येतं आणि एकदा टाकला की नेट लागत नाही. कंट्रोल एफ ५ दाबून डीबग सुरू करायचं, एफ ७ नं आत शिरायचं, एफ ६ नं आत न शिरता ओलांडायचं. 'कपात'च्या ओळीवर 'हमाली'त शिरलात की वेगळी खिडकी उघडते. त्यात 'हमाली'चा कोड आणि तिचं स्वतःचं 'वजन', ज्याचा 'पट्टी'तल्या 'वजन'शी फक्त नावापुरता संबंध. काम संपलं की खिडकी बंद होते आणि खालच्या 'कपात'च्या ओळीत, जिथे 'हमाली(वजन)' लिहिलं होतं त्याच जागी, २४० येऊन बसतो. अजून 'तोलाई' बाकी आहे, ओळ अर्धवट आहे, हेही दिसतं. रिटर्न विसरला असेल तर त्या जागी 'नन' येतो, आणि तो बघून पोरगं आपणहून 'हमाली' उघडतं. ओळीच्या मधोमध परत येणं प्रिंटनं असं दाखवणं मला तरी जमलेलं नाही.

थॉनीतही खोड्या आहेत. तीनशे फेऱ्यांच्या लूपमध्ये एफ ७ दाबून बोट दुखतं. तिथे एफ ६, नाहीतर पुढे ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थेट जिथे येऊन थांबावा ती खूण). फंक्शन स्वतःलाच बोलावणारं असेल तर खिडकीवर खिडकी चढते आणि छोट्या लॅपटॉपवर पसारा होतो. (पाच-सहा थरांपर्यंत तो पसाराच रिकर्शन समजावतो, हा माझा समज.) आणि काही पोरं नुसती एफ ७ दाबत सिनेमा बघितल्यासारखी बघतात. त्यावर माझा उपाय : दाबायच्या आधी पुढची ओळ कोणती ते तोंडानं सांगायचं, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्याकडे फक्त मोबाइल असेल तर प्रिंट वापरा, त्यात कमीपणा नाही. मात्र फंक्शनच्या आत फक्त 'आलो-निघालो' छापा, उत्तराचा आकडा बोलावणाऱ्याकडेच छापा. लॅपटॉप असेल आणि फंक्शनं नुकतीच सुरू झाली असतील, तर पहिले काही दिवस थॉनीत घालवावेत असं मला वाटतं. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असेलही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता पहिल्या दिवशी थॉनीच टाकून देतो, आणि 'पट्टी' चालवायला लावतो ती 'हमाली'तला रिटर्न मुद्दाम काढून.