मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र (मराठी बायबल) : आठ महिने वापरून

तक्रार आधी सांगून टाकतो. तिसऱ्याच आठवड्यात खुणेची लाल फीत मुळापासून सुटून हातात आली. तिच्या जागी आता मिसेसच्या शिवणाच्या डब्यातली निळी लेस आहे, फेविकॉलने चिकटवलेली. कागदही इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. ट्यूबलाइटखाली चालतं, झिरोच्या बल्बमध्ये नाही. प्रकाशकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका प्रतीवरून कुणाला बदनाम कशाला करा?

अक्षर मात्र एक नंबर. काळं, ठसठशीत, जोडाक्षरं फुटलेली नाहीत. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी चष्म्यावर आरामात वाचतो. वजन किराणावाल्याच्या काट्यावर पावणेदोन किलो भरलं. झोपून वाचायचं असेल तर विसरा, मांडीवर उशी घेऊनच बसावं लागतं.

घरात शास्त्र नव्हतं असं नाही. मिसेसचं होतं, बारीक टाइपाचं, समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा. ती फेब्रुवारीत गेली. दुकानात मी डोळ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे तिचं उघडवत नव्हतं.

तेव्हापासून पहाटे तीनला जाग यायची. मी एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, माझ्या भाषेत सांगतो : छातीत कॉम्प्रेसर सुरू झाल्यासारखं व्हायचं. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीच्या मागे १४४१६ नंबर लिहून दिला. सरकारची टेलिमानस, फुकट आहे, मराठीतही बोलतात. दोनदा लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. ज्याला गरज असेल त्याने लाजू नये, गोळीलाही नाही.

छातीचं कारण मला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, "आज जरा घरी बसा ना." मी डबा उचलला आणि ड्युटीवर गेलो.

आमच्या नगरच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक मायेचे. डबे आले, पाळकसाहेब तीनदा येऊन बसले. पण मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन यायचं : "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका." फिलिप्पैकरांस ४:६, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं. एका आठवड्यात नऊ जणांनी पाठवलं, मी मोजलं. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मला मात्र ते मेमो मिळाल्यासारखं लागायचं. चिंता होतेय म्हणजे विश्वासच कच्चा, असा हिशोब मी स्वतःच मांडला होता.

या प्रतीत ते अख्खं पत्र काही पानांतच संपतं. एका पहाटे चारही अध्याय सलग वाचले. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा पौलाचा सोबती आजारी पडून मरता मरता वाचलेला आहे. पौल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि मला "दुःखावर दुःख" होऊ नये म्हणून माझ्यावरही केली. तो स्वतः कैदेत आहे. 'चिंताक्रांत होऊ नका' लिहिणारा हाच माणूस दोन अध्याय आधी सांगतो की सोबती गेला असता तर मी कोलमडलो असतो. मी चहा ठेवायला उठलो आणि ओट्यापाशीच रडलो. दफनाच्या दिवसानंतर पहिल्यांदा. मोबाइलवर आलेल्या वचनाला मागचं पान नसतं. या जाडजूड पुस्तकाचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा हाच.

मग मागचीपुढची पानं बघायची सवयच लागली. पहिले राजे, अध्याय १९ : एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. तिथे देवदूत त्याला काय सुनावतो? काही नाही. झोपू देतो, उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, तर पुन्हा उठवून खायला घालतो. सुनावण्यातला एक शब्द नाही. मी तोवर उभ्याउभ्या बिस्किटं खाऊन दिवस ढकलत होतो, स्वतःला शिक्षाच म्हणा ना. त्या दिवशी तवा काढला. भाकरी थापता येत नाही मला, कडा फाटल्या, एक बाजू करपली. पण ताटात वाढून, खाली बसून खाल्ली. शेजाऱ्यावर 'आपल्यासारखी' प्रीती कर असं लिहिलंय, त्यातला 'आपल्यासारखी' हा शब्द इतकी वर्षं मी नुसता वाचून पुढे जात होतो.

आणखी एक. स्तोत्र ८८ शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, शेवट गोड केलेला नाही. शोकसभेत ते कुणी वाचलेलं मी ऐकलं नाही. वाचायला हरकत नाही.

घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. यात ६६ पुस्तकं आहेत. कॅथलिक बायबलात ७३ असतात, तेव्हा वसईकडच्या मंडळींनी बघून घ्यावं. दुसरं, भाषा जरा जुन्या वळणाची आहे. मिसेसची आजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, तिला रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर जवळचं. बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी ते मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलं. लेक मनोरमा १९२१ साली गेली, तरी काम सोडलं नाही. ते संपवूनच एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. ही गोष्ट आजी सांगायची तेव्हा मी नुसता हो हो करायचो.

पाचपैकी चार. एक फितीचा आणि कागदाचा कापला.

परवा मिसेसचं शास्त्रही उघडलं. स्तोत्र ४२, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" याखाली पेन्सिलीची रेघ आहे, दोनदा ओढलेली. कधी ओढली, का ओढली, मला कधी बोलली नाही. मीही विचारलं नव्हतं. आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवतो, खुणा तिच्या प्रतीत बघतो आणि वाचतो यात.

नगरमध्ये बाइंडिंग करणारं कुणी चांगलं असेल तर सांगा, फीत नीट शिवून घ्यायची आहे. निळ्या लेसवर चालतंय, घाई नाही.