जपानी म्हणून घेतलेला रॉड आणि स्टिकरखालचं चायना

गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, आवड असणाऱ्यांनी हे जरा नीट वाचा, खास करून जे फोनवरून मासेमारीचा रॉड मागवतात त्यांनी. माझे साडेतेरा हजार गेलेत आणि ते नुसते माझे गेले असते तर गप्प बसलो असतो, पण ज्याने मला विकला तो अजूनही तसाच विकतोय.

मी देवगड तालुक्यातला, विजयदुर्गच्या बाजूचा. लहानपणापासून काकांबरोबर वाघोटनच्या खाडीत गरवायला जायचो, तेव्हा रॉड वगैरे काही नव्हतं, बाटलीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनचा दोर), शिसं, गळ आणि कोलंबी, एवढ्यावर काकांनी तांबोशी काढलेल्या मी बघितल्यात. पण खडपावरून (खडकावरून) लांब फेकायचं तर हाताने जमत नाही, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की एकदाच काय तो चांगला रॉड घ्यायचा, नऊ फुटी, साठ ग्रॅमपर्यंत ल्युअर, म्हणजे नकली आमिष, फेकणारा. दोन वर्षं थोडे थोडे करून पैसे बाजूला टाकले होते.

मुंबईचा एक विक्रेता गरवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये होता. त्याने फोटो टाकला, मी मेसेज केला, लगेच फोन आला. दादा हा शंभर टक्के जपानमध्ये बनलेला आहे, तिकडच्या मार्केटचा माल आहे, इथे दुकानात दिसणार पण नाही. मी विचारलं कशावरून जपानचा, तर त्याने रॉडच्या पॅकिंगच्या ट्यूबवरच्या बारकोडचा फोटो पाठवला, बघा ४९ ने सुरू होतोय, ४९ म्हणजे जपान. वर व्हॉइस नोट की रॉडचा कार्बन तोरे या जपानी कंपनीचा आहे, गाईड (दोर ओवायच्या कड्या) फुजी कंपनीचे आहेत, अजून काय पाहिजे. मला पटलं. पैसे पाठवले, कुरियरवाला एवढी लांब ट्यूब गावात आणून देईना म्हणून कणकवलीला जाऊन घेऊन आलो.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा खाली बसला तसे आम्ही जायला लागलो. रॉड चांगला चालत होता, खोटं कशाला सांगू. आल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने धुवून पडवीत उभा करून ठेवायचो, आणि चार-पाच वेळा धुतल्यावर रीळ बसवतात त्याच्या वर जिथे मेड इन जपान लिहिलेलं होतं त्या अक्षरांची कड सुटायला लागली. मला वाटलं वरचं लॅकर निघतंय. काकांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्या काय रे? ह्येच्या खाली आणखी कायतरी लिवलेला आसा." नखाने हळूच उचललं तर पातळ पारदर्शक स्टिकर, आणि त्याच्या खाली कारखान्यातच छापलेली बारीक पांढरी अक्षरं, मेड इन चायना आणि मॉडेल नंबर.

तो मॉडेल नंबर घेऊन रत्नागिरीच्या एका मित्राला विचारलं. त्याच्याकडे तोच रॉड, तीच लांबी, तेच गाईड, आणि त्याने दुकानातून साडेतीन हजाराला घेतलेला. त्याच्या ट्यूबवर सरळ लिहिलेलं होतं चीन, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष सगळं. म्हणजे त्याने जो माल घेतला तोच मी दहा हजार जास्त देऊन घेतला, आणि ते दहा हजार एका स्टिकरचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, मी चायनाच्या मालाला वाईट म्हणत नाहीये. नंतर मी बरंच वाचलं या विषयावर. चीनच्या शांदोंग प्रांतात वेईहाय म्हणून समुद्रकाठचं शहर आहे, जगभर विकल्या जाणाऱ्या रॉडचा मोठा हिस्सा तिथे बनतो, एकेका कारखान्यात वेगवेगळ्या देशांतल्या ब्रँडची नावं पडतात. मोठ्या जपानी कंपन्यांचंही सगळं जपानमध्ये बनत नाही, शिमानोची कितीतरी रिळं मलेशियात बनतात, दाइवाचे रॉड व्हिएतनाममध्ये पण बनतात, आणि ते लोक तसं मालावर लिहितात, लपवत नाहीत. कंपनी कुठली आणि वस्तू बनली कुठे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याचं समजून घेतो.

कार्बनचंही तसंच. रॉड बनवतात तो असा की रेझिन (भाजल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) लावलेलं कार्बनचं कापड मापाने कापतात, निमुळत्या लोखंडी सळीवर गुंडाळतात, वरून टेप ताणून मारतात, भट्टीत भाजतात, मग सळी बाहेर ओढून काढतात आणि शेवटी दोऱ्याने गाईड बांधून त्यावर इपॉक्सी. कापड जपानी कंपनीचं असलं आणि गुंडाळणं, भाजणं, बांधणं सगळं चीनमध्ये झालं तर रॉड चीनचाच. फुजीच्या गाईडचं तेच, जगभरचे कारखाने ते गाईड विकत घेतात आणि आपापल्या रॉडला लावतात. त्यामुळे विक्रेत्याने कार्बनबद्दल सांगितलेलं कदाचित खरं पण असेल, पण मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं. आणि बारकोडचे पहिले आकडे फक्त एवढं सांगतात की तो नंबर कंपनीने कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतलाय. ४५ आणि ४९ जपान, ८९० भारत, ६९० पासून ६९९ पर्यंत चीन. वस्तू कुठे बनली ते त्यात नसतं.

विक्रेत्याला फोन केला तर आधी म्हणाला वरूनच तसा आला असेल, मग म्हणाला तुम्हीच काहीतरी केलं असेल, मग ब्लॉक. चॅट उघडून बघतो तर बारकोडचा फोटो आणि व्हॉइस नोट दोन्ही त्याने सगळ्यांसाठी डिलीट करून टाकलेले. बिल बघितलं तर त्यावर नुसतं "फिशिंग आयटम, १ नग". जपान हा शब्द कुठेच नाही. इथे मी खरा अडकलो.

ओळखीतले म्हणतात, "मेल्या, माशाक वाचूक येता काय? रॉड बरो आसा ना, मग गप ऱ्हव." मला हे अजिबात पटत नाही. माल बरा आहे म्हणून खोटं लेबल खरं होत नाही, मी पैसे जपानचे मोजलेत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी बिल, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि फोटो मागितले. तिथे विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही तर मी ओरोसला, आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. विक्रेता मुंबईचा असला तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे केस टाकता येते, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे आता काय उपयोग म्हणून सोडून देऊ नका.

मी ट्यूबचं लेबल आधी वाचलं असतं तरी कळलं असतं. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे वैधमापनाचे (वजन-मापाच्या कायद्याचे) नियम आहेत, त्याप्रमाणे बाहेरून आलेल्या मालाच्या पॅकवर मूळ देश, आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच पाहिजे, आणि २०१८ पासून ऑनलाइन विकतानाही मूळ देश दाखवावा लागतो. माझ्या ट्यूबवर यातलं काहीच नव्हतं, फक्त बारकोड आणि चकचकीत जपानी अक्षरं. घ्यायच्या आधी विक्रेत्याला एकच सांगा, बिलावर मॉडेल नंबर आणि बनलेला देश लिहून दे. लिहायला टाळाटाळ करतोय म्हटल्यावर तिथूनच परत फिरा. आणि फोटो, व्हॉइस नोट जे काय येईल ते त्याच दिवशी दुसरीकडे सेव्ह करून ठेवा, मी नाही केलं.

काका आता तोच रॉड घेऊन जेटीवर जातात, अर्धा उचललेला स्टिकर मी तसाच ठेवायला सांगितलाय. तुमच्यापैकी कोणी मुंबईहून असा नऊ फुटी जपानी रॉड मागवला असेल तर हँडलच्या वरची अक्षरं उजेडात तिरकी धरून बघा. कड दिसली तर खरवडू नका, आधी फोटो काढा, आणि त्याची व्हॉइस नोट तुमच्याकडे शिल्लक असेल तर मला पाठवा, माझी गेली आहे.