कृषी केंद्राची बिलं: मोबाईल अ‍ॅपवर की कॉम्प्युटरवर?

अमळनेर-पारोळ्याकडे किंवा शिरपूर-शहाद्यात कृषी केंद्र टाकताय, परवाने झालेत आणि आता बिलाची सोय लावायची आहे, तर समोर दोन रस्ते असतात. एक, वर्षाची वर्गणी भरून चालणारं मोबाईल अ‍ॅप आणि त्याला जोडलेला ब्लूटूथचा छोटा प्रिंटर. दुसरा, काउंटरवर कॉम्प्युटर, त्यात टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि साध्या कागदावर छापणारा प्रिंटर. गुण दोन्हींचे आहेत, आणि ते विकणारा तोंडपाठ म्हणून दाखवतो. मी कुठे अडतं तेवढंच सांगतो, कारण मृगाचा पाऊस पडला की दुकानात उभं राहायला जागा नसते आणि अडलं तर तिथेच अडतं.

पैशांचं आधी उरकून घेऊ. सुरुवातीला अ‍ॅप स्वस्त, यात वादच नाही. फोन खिशात आहेच, लाइट गेली तरी बिल निघतं, बाहेरगावी असलात तरी विक्री दिसते. कॉम्प्युटरला इन्व्हर्टर आलाच. त्यात कुणी जुना कॉम्प्युटर गळ्यात मारत असेल तर एवढं बघा: विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशिनींवर विंडोज 11 रीतसर चढत नाही. पण विकत घेतलेलं सॉफ्टवेअर नूतनीकरण चुकलं म्हणून बंद पडत नाही, नवे अपडेट फक्त मिळत नाहीत. अ‍ॅपची वर्गणी संपली की बहुतेक ठिकाणी नवं बिलच निघत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपायचे असतात. तेवढी वर्षं त्याच अ‍ॅपला बांधून राहायचं का, हे पैसे भरण्याआधी ठरवा.

छपाईत मात्र अ‍ॅपवाले खरे उघडे पडतात. छोट्या प्रिंटरचा रोल 58 मिलिमीटरचा. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं बहुधा नसतातच, त्यामुळे अख्खं बिल चित्र म्हणून पाठवावं लागतं. मग ते रांगत रांगत बाहेर येतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि ‘क्लोरपायरीफॉस’सारख्या कीटकनाशकाच्या नावाचं काहीतरी भलतंच होतं. बियाणं, खत, औषध या तिन्हींचं बिल देणं नियमानं बंधनकारक आहे. बियाण्याला 1983 चा आदेश आहे, खताला 1985 चा. त्यात गिऱ्हाईकाचं नाव, कंपनी, लॉट किंवा बॅच, मुदत हे सगळं दोन इंची पट्टीवर कोंबलं की एकेका मालाच्या तीन-तीन ओळी होतात.

बरं, ते टिकावं तरी! थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं कागद काळा होतो आणि अक्षर दिसतं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात ठेवलेली किंवा घामेजल्या खिशातली ती पट्टी पेरणीपर्यंत एकतर काळवंडते, नाहीतर कोरी होते. आणि शेतकऱ्याला बिल लागतं ते नेमकं नंतर. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे बिल आणि पिशवीचा टॅग मागतात. तिथे कोरी पट्टी दाखवणारा माणूस आधी तुमच्याच दुकानात येईल. लेसरवर अर्ध्या पानाचं बिल काढा, किंवा कर्कश वाजला तरी ठोके मारून छापणारा डॉट मॅट्रिक्स घ्या. कार्बन लावला की सहीची प्रत एकाच दमात निघते. अ‍ॅपलाही मोठा प्रिंटर जोडता येतो, पण मग मोबाईलचा सुटसुटीतपणा गेलाच की.

दुसरी खरी अडचण उधारीची. माल जूनमध्ये जातो, पैसे कापूस विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या पुढे. बरीच अ‍ॅप शहरातल्या किराणा दुकानाच्या मापानं शिवलेली असतात: एक मोबाईल नंबर म्हणजे एक खातं. आपल्याकडे चार भावांत एक नंबर, खातं बापाच्या नावावर, आणि माल नेणारा सांगतो, “भाऊना नाववर लिखी दे.” ‘पाटील’ टाकून शोधलं की यादी संपता संपत नाही, नाव आणि बापाचं नावही सारखं असलेले दोघं एकाच गावात सापडतात. कॉम्प्युटरवर खात्याचं नाव तुम्ही हवं तसं लिहिता, गाव आणि टोपणनावासकट, आणि गावांचे गट पाडता. वसुलीला निघताना गाववार यादी लागते. ती बऱ्याच अ‍ॅपमध्ये मिळत नाही. आठवणीचा मेसेज हे अ‍ॅपचं मोठं कौतुक. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाकडे दुःख झालेलं असताना ‘आपली थकबाकी त्वरित भरा’ असा मेसेज आपोआप गेला. तो बंद करायचं बटण सेटिंगच्या कुठल्या कोपऱ्यात होतं, ते विचारू नका.

अनुदानाच्या खतात दोन्ही रस्ते सारखेच खड्ड्यात. 2018 पासून देशभर अनुदानित खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, ओळख पटवून, बहुधा अंगठा घेऊन, विकावं लागतं. राबून झिजलेले अंगठे मशीन ओळखत नाही, मागे रांग वाढते. युरियाची 45 किलोची 266 रुपये 50 पैशांची गोणी आधी तिथे नोंदवायची, मग पुन्हा आपल्या बिलात. गर्दीत एक नोंद राहिली की मशीन, रजिस्टर आणि गोडाऊन तिन्हींचे आकडे वेगळे, आणि निरीक्षक तेच जुळवून बघतात. 2019 मध्ये पॉसची डेस्कटॉप आवृत्ती आली, त्यामुळे कॉम्प्युटर असेल तर निदान दोन्ही कामं एकाच पडद्यावर होतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज जाते येते. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बिलापुरतं नेटवर अडत नाही. अ‍ॅप नेटशिवाय बिल काढतं का, ते विचारू नका, फोनचा डेटा बंद करून बघा.

कर बदलला की दर बदलावे लागतात. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं 12 वरून 5 टक्क्यांवर आली. रासायनिक कीटकनाशकं 18 वरच राहिली. शेकडो मालांचे दर मोबाईलवर एकेक करून बदलायचे म्हणजे एक रात्र गेली.

माझं मत असं. फक्त बियाणं-औषधं, छोटी जागा, एकटा माणूस, रोख किंवा क्यूआरवर धंदा, तर अ‍ॅप घ्या, पण एकाच वर्षाचं. तीन वर्षांची सवलत सोडून द्या. खताचा परवाना आणि दोन-चार गावांची उधारी असेल तर कॉम्प्युटरच. मोबाईल बिलाचा फोटो पाठवायला आणि पैसे आले का बघायला ठेवा.

डेमो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मागवा, जूनमध्ये सपोर्टवाले फोन उचलत नाहीत. त्यांनी तयार करून आणलेलं दाखवू देऊ नका. एकाच औषधाच्या दोन बॅच, दोन भाव टाकायला लावा. एकाच नावाचे दोन पाटील उघडायला लावा. उरलेल्या दोन पिशव्या परत घ्यायला लावा. मग सगळी बिलं, नुसत्या बेरजा नाही, मालासकट एक्सेलमध्ये काढून मागा. “तेवढं पुढच्या अपडेटमध्ये येईल” असं उत्तर मिळालं, तर पैसेही पुढच्या अपडेटनंतरच द्या.