जुना स्पेक्ट्रम, नवे यंत्र: पाय ४००, मिस्टर की ‘द स्पेक्ट्रम’?

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आला, तेव्हा त्याच्या ४८ किलोबाइटच्या संचाची किंमत १७५ पौंड होती; १९८० च्या दशकातच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो भारतातही विकला. आज त्याचा अनुभव घ्यायचा असेल, तर तीन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत: रास्पबेरी पाय ४०० या छोट्या संगणकावर ‘फ्यूज’ हा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम), एफपीजीए म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर चालणारा मिस्टर, आणि रेट्रो गेम्स कंपनीने २०२४ मध्ये आणलेला ‘द स्पेक्ट्रम’ हा तयार संच.

बहुतेक जण चिपची तुलना करत बसतात. माझ्या मते आधी कळफलक पाहावा. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षरे जुळवून लिहीत नाहीत. ‘जे’ दाबले की ‘लोड’ हा अख्खा शब्द पडद्यावर उमटतो, आणि पुढची दोन अवतरणचिन्हे सिम्बॉल शिफ्टसह ‘पी’ दोनदा दाबून येतात. ‘द स्पेक्ट्रम’च्या रबरी कळांवर हे शब्द छापलेले असल्यामुळे बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळी लिहून पाहणाऱ्याला त्याच्यासारखी सोय नाही. पायवर किंवा मिस्टरला जोडलेल्या साध्या यूएसबी कीबोर्डवर मात्र कोणत्या कळीखाली काय दडले आहे, हे पाठ करावे लागते.

आता चिपकडे वळू. ‘द स्पेक्ट्रम’ आतून सॉफ्टवेअर एम्युलेटरच आहे. त्यामुळे खरी तुलना सॉफ्टवेअर आणि एफपीजीए यांच्यात आहे. फ्यूजमध्ये ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड-८० या मूळ प्रोसेसरची नक्कल प्रोग्राम करतो, तर मिस्टरमध्ये चिपच्या आतील लॉजिक त्या मंडलासारखे जोडले जाते. म्हणून एफपीजीए आपोआप हुबेहूब असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे, कारण तिचा ‘कोअर’, म्हणजे ती जोडणी ठरवणारा आराखडाही माणसानेच लिहिलेला असतो आणि चुका दोन्हीकडे राहतात. मिस्टरचा खरा फायदा कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतच्या कमी विलंबात आणि चित्राच्या गतीत आहे. स्पेक्ट्रम सेकंदाला सुमारे ५० चौकटी काढतो; ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर पाच चौकटींपैकी एक दोनदा दाखवावी लागते आणि आडवे सरकणारे दृश्य बारीक हिसके देते. मिस्टर आपला आउटपुट मूळ गतीशी जुळवू शकतो, शिवाय जोडबोर्ड असल्यास जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीलाही जोडता येतो. ५० हर्ट्झ स्वीकारणारा टीव्ही असेल तर पायची सेटिंग बदलूनही हिसके बरेच कमी होतात, पण ती खटपट आपली आपण करायची.

केवळ खेळ खेळायचे असतील आणि घरात पाय पडून असेल, तर दुसरे काही विकत घेऊ नये. मुलांना बेसिक दाखवायचे असेल, तर ‘द स्पेक्ट्रम’ घ्यावा. फक्त त्याला जुनी उपकरणे जोडण्याची पट्टी नाही, हे ध्यानात ठेवावे.

माळ्यावर स्वतःच्या प्रोग्रामच्या कॅसेटी असतील, तर मिस्टरचा खर्च सार्थकी लागू शकतो, कारण प्रोग्राम आवाजाच्या रूपात साठवलेल्या त्या टेपचा आवाज त्याला थेट देता येतो. मग मूळ यंत्रासारखेच पडद्यावर आधी कडेला लाल-आकाशी पट्टे दिसतात, मग माहिती येऊ लागली की निळे-पिवळे. मात्र पैसे घालण्यापूर्वी त्या कॅसेटी टेपरेकॉर्डरवर एकदा वाजवून पाहाव्यात. बुरशीमुळे किर्र आवाज मध्येच दबत असेल, तर मिस्टरलाही तो प्रोग्राम वाचता येणार नाही.